एक ठिणगी कीं दोन?

मोटारसायकलीच्या बाजूच्या पत्र्यावर काय लिहिलें आहे एवढ्यावरून तिची योग्यता ठरविण्याची जी रीत आमच्या वरच्या वर्गांतील मुलांत पडली आहे, तिच्याविषयीं चार शब्द लिहावे असें बरेच दिवस मनांत होतें. मधल्या सुटींत सायकलींच्या छपराखालीं जे वाद चालतात, त्यांत 'दोन प्लगांची गाडी' हे शब्द अशा कांहीं थाटानें उच्चारले जातात कीं, ज्याचे वडील एका प्लगाच्या गाडीवरून येतात त्या मुलानें मान खालीं घालावी. दुसऱ्या प्लगानें होतें काय असें विचारलें म्हणजे उत्तर मिळतें, "सर, डबल पॉवर!" यंत्रशास्त्रांतील बेरीज इतकी सोपी असती तर आम्हां शिक्षकांस पोट भरणें कठीण झालें असतें.

प्रथम प्लगाचें काम पाहूं. सिलिंडरमध्यें पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण दट्ट्यानें दाबलें जातें आणि प्लगाची ठिणगी तें पेटविते. हें मिश्रण सर्व बाजूंनीं एकदम भडकतें असा समज आहे. तो खरा नव्हे. ठिणगीपाशीं ज्वाळेचा लहानसा गोळा उत्पन्न होतो आणि तो पसरत पसरत समोरच्या भिंतीपर्यंत जातो. कोंकणांत राब भाजतांना ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. एका बांधाकडून काडी लावली तर आग पलीकडच्या बांधास पोंचण्यास जो वेळ लागतो, तो दोन्ही बांधांकडून लावल्यास जवळजवळ निम्मा होतो. जळणारा पालापाचोळा तेवढाच, उष्णताहि तेवढीच. वांचतो तो वेळ.

या वेळाची किंमत काय, तें थोडें गणित केल्यास ध्यानांत येईल. इंजिन मिनिटास ६,००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्यास सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो, आणि ३६ अंश फिरण्यास सेकंदाचा हजारावा भाग. इतक्या थोड्या अवधींत ज्वाळेनें आपला प्रवास उरकावयाचा असल्यामुळें दट्ट्या माथ्यावर पोंचण्याच्या कांहीं अंश आधींच ठिणगी टाकावी लागते. परंतु त्या वेळीं दट्ट्या अजून वर येत असतो, आणि पेटलेला वायु त्यास वरून खालीं रेटूं लागतो. म्हणजे इंजिन स्वतःशींच झगडतें. प्रवास निम्म्यावर आला म्हणजे ठिणगी कांहीं अंश उशिरा टाकतां येते व हा झगडा कमी होतो. शिवाय कडेला उरलेलें मिश्रण अतिशय तापून आपोआप भडकतें, ज्यास मिस्त्री लोक 'नॉकिंग' म्हणतात, त्यास अवसर कमी मिळतो. आणि पेट्रोल थोडें कमी असलेलें पातळ मिश्रणहि नीट जळतें. पेट्रोलची थोडी बचत, धुरांतील घाण कांहींशी कमी, आणि संथ चालींत इंजिनास स्थिरता, हा दोन प्लगांचा खरा लाभ होय.

तोहि सर्वत्र सारखा नाहीं. ज्या हेडांत दोनच मोठ्या झडपा असतात तेथें मधली जागा झडपांनीं व्यापिलेली असते आणि बिचारा प्लग एका कडेस ढकलला जातो. अशा ठिकाणीं समोरच्या कडेस दुसरा प्लग असला तर त्याचा उपयोग उघड आहे. चार लहान झडपा असल्या म्हणजे प्लगास मधोमध जागा मिळते, व ज्वाळा सर्व दिशांस सारखें अंतर चालते. तेथें दुसऱ्याची निकड फारशी राहत नाहीं. मात्र सिलिंडरच फार रुंद असेल तर गोष्ट वेगळी. हार्ले-डेव्हिडसन कारखान्यानें २०१६ सालीं काढलेल्या इंजिनास प्रत्येक सिलिंडरमागें चार झडपा असूनहि दोन दोन प्लग होते, कारण सिलिंडरचा व्यास १०० मिलिमीटर होता.

कल्पना कांहीं नवी नव्हे. विमानांच्या दट्ट्याच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरास दोन प्लग घालण्याची वहिवाट फार जुनी आहे. एक बंद पडला तरी विमान आकाशांत राहावें हा तेथला मुख्य हेतु. उड्डाणापूर्वीं वैमानिक एका बाजूची ठिणगी क्षणभर बंद करून पाहतो. तेव्हां इंजिनाचे फेरे किंचित् कमी होतात, परंतु निम्मे होत नाहींत. 'डबल पॉवर'वाल्यांनीं या 'किंचित्' शब्दाचा विचार करावा.

आपल्याकडे हा शब्द घरोघरीं पोंचविला तो पुण्याच्या बजाज कारखान्यानें. त्याची पल्सर २००१ सालीं निघाली तेव्हां तीस एकच प्लग होता. २००३ सालीं दोन आले. लहान सिलिंडरांत दोन प्लग बसविण्याच्या या रचनेचें पेटंटहि त्यानें मिळविलें. टी.व्ही.एस. कारखान्यानें २००७ सालीं आपली दोन प्लगांची गाडी जाहीर करितांच प्रकरण मद्रास उच्च न्यायालयांत गेलें, आणि २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचलें. पुढें २०१२ सालीं बजाजची तीन प्लगांची पल्सर आली, तेव्हां छपराखालच्या वादांस नवाच रंग चढला असेल! परंतु त्याच वर्षीं त्याच चाकणच्या कारखान्यांतून केटीएमची २०० सी.सी.ची ड्यूक ही गाडीहि बाहेर पडली. दोहोंच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ४९ मिलिमीटर. तीन प्लगांची गाडी सुमारे २३ अश्वशक्ति देई, आणि एका प्लगाची ड्यूक २५. झडपा हालविण्याची व पेट्रोल पुरविण्याची योजना ड्यूकमध्यें निराळी होती, हें त्याचें कारण. रॉयल एनफील्डनेंहि आपल्या ३५० सी.सी.च्या गाड्यांस बरींच वर्षें दोन प्लग दिले, आणि २०२० सालीं नवें इंजिन आणिलें तेव्हां पुन्हां एकावर समाधान मानिलें. कारखानदार प्लग मोजीत नाहीं; तो सर्व रचनेचा हिशेब पाहतो.

हा हिशेब आम्हांस एका पालकांसाठीं करावा लागला. हे गृहस्थ रोज पहाटे १०० सी.सी.च्या जुन्या गाडीस दुधाचे कॅन लावून शहरांत येतात. पालकसभा संपल्यावर त्यांनीं आम्हांस बाजूस घेतलें व म्हणाले, "सर, गॅरेजवाला म्हणतो, हेडाला भोंक पाडून दुसरा प्लग बसवून देतो, ॲव्हरेज वाढेल. पोराच्या फीचे पैसे आहेत जवळ. घालूं का?" आम्हीं साफ नको म्हणून सांगितलें. परदेशांत हौशी लोक जुन्या बीएमडब्ल्यू गाड्यांस असा दुसरा प्लग बसवीत, व त्यांस गुणहि येई. पण त्या सिलिंडरांचा व्यास ९० मिलिमीटरांवर, झडपा दोनच, आणि ते ठिणगीची वेळहि नव्यानें बांधून घेत. या गाडीचा व्यास अवघा ५० मिलिमीटर. ज्वाळेस चालावयाचें अंतर मुळांतच थोडें, म्हणून वांचणारा वेळहि थोडा. त्यांत झडपेच्या बैठकीजवळ भोंक पाडिलें तर तेथील धातु पातळ होऊन तडकण्याचें भय. आणि ठिणगीची वेळ पूर्वीचीच ठेविली तर दोन ज्वाळांमुळें दाब फार लवकर चढून इंजिन उलट अधिक तापावयाचें. गृहस्थांनीं एअर फिल्टर साफ करविला, साखळीस तेल दिलें, चाकांत नीट हवा भरिली, आणि फी वेळेवर भरिली.

ज्यांच्या गाडीस कारखान्यांतूनच दोन प्लग आले आहेत त्यांस मात्र एक गोष्ट सांगावयाची आहे. अशा गाडीचा एक प्लग मेला तरी ती चालतच राहते, व बसणारास कळत नाहीं. आमच्या एका सहकाऱ्यांची गाडी पांच-सहा महिने पेट्रोल अधिक खात होती. शनिवारपर्यंत पुरणारी टाकी गुरुवारींच कोरडी पडे. गॅरेजांत दर खेपेस प्लग बदलल्याचे पैसे घेतले जात, आणि बदलला जाई तो हातास सहज लागणारा एकच. अखेर आम्हीं उभयतांनीं शाळा सुटल्यावर आडबाजूचा प्लग काढून पाहिला, तों त्याच्या तोंडाशीं काजळी इतकी दाटली होती कीं, ठिणगी उडण्याची फट दिसेना. दोन्ही प्लग नवे घातले. दुसऱ्या आठवड्यापासून टाकी पुन्हां शनिवारपर्यंत पुरूं लागली.