गाळलेली पाने



माध्यमांतराची संकल्पना आपण या घटकात अभ्यासली. तिच्या संदर्भात माझी स्वतःची एक चूक आपणांस सांगावीशी वाटते, कारण तशी चूक करण्याचा मोह आपणांसही होण्याची शक्यता आहे.

मीही आपल्यासारखाच नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने शिकलो. एका स्वाध्यायासाठी मी डॅशिएल हॅमेट यांची ‘द मॉल्टीज फाल्कन’ ही १९३० साली पुस्तकरूपाने आलेली रहस्यकादंबरी आणि जॉन ह्यूस्टन यांनी तिच्यावर १९४१ मध्ये काढलेला त्याच नावाचा चित्रपट यांची तुलना निवडली. चित्रपट मूळ कथेशी अत्यंत प्रामाणिक आहे, असे ऐकून होतो. मग दिवसभराच्या कामानंतर पुस्तक वाचायचे कशाला? मी चित्रपट पाहिला, कादंबरीची पहिली काही प्रकरणे चाळली आणि लिहून टाकले, ‘कादंबरीच्या अखेरीस लिफ्टचे जाळीचे दार मिटते व नायिका खाली जाते. कर्तव्यासाठी प्रेमाचा त्याग करणारा स्पेड हा आदर्श नायक आहे.’ संमंत्रकांनी समासात एवढेच विचारले होते, ‘हा प्रसंग कोणत्या पानावर आहे?’

असे पान कादंबरीत नव्हतेच. ओशाळून मी पुस्तक पहिल्यापासून वाचावयास घेतले.

कथानक दोन्हीकडे जवळजवळ एकच आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील खासगी गुप्तहेर सॅम स्पेड याचा भागीदार माइल्स आर्चर याचा खून होतो. एका काळ्या पक्ष्याच्या मौल्यवान मूर्तीमागे अनेक खोटारडी माणसे लागलेली असतात. ब्रिजिड हीच आर्चरची मारेकरी आहे हे अखेरीस उघड होते आणि तिच्याकडे ओढला गेलेला स्पेड तिला पोलिसांच्या हवाली करतो. हॅमेट स्पेडच्या मनात कोठेही डोकावत नाहीत. तो काय करतो, काय बोलतो, इतकेच सांगतात. जणू कॅमेऱ्यासाठीच लिहिलेली ही कादंबरी! म्हणूनच वाचकाची फसगत होते.

चित्रपटात नसलेल्या दोन गोष्टी मला त्या वाचनात सापडल्या. पहिली म्हणजे स्पेड ब्रिजिडला सांगतो ती फ्लिटक्राफ्टची हकीकत. टॅकोमा शहरातील हा सुखवस्तू गृहस्थ जेवणासाठी बाहेर पडला असता बांधकामावरून एक तुळई त्याच्या शेजारी कोसळते. आयुष्य असे योगायोगावर चालते हे उमगताच तो घरदार सोडून निघून जातो. काही वर्षांनी तो दुसऱ्या शहरात सापडतो. पत्नी नवी, मूल नवे. दिनक्रम मात्र तोच!

दुसरी गोष्ट म्हणजे कादंबरीचा शेवट. सोमवारची सकाळ आहे. स्पेड कार्यालयात येतो. ब्रिजिडवर विश्वास टाकलेली त्याची सचिव एफी त्याने केले ते योग्य होते हे मान्य करते. पण त्याचा स्पर्श मात्र तिला सहन होत नाही. इतक्यात आर्चरची विधवा आयव्हा दाराशी येते. तिच्याशी स्पेडचे संबंध होते आणि कथाभर तो तिला टाळत आला होता. आता तो तिला आत पाठवावयास सांगतो.

ही दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहा. फ्लिटक्राफ्ट जसा आपल्या जुन्याच चाकोरीत परततो, तसाच स्पेडही. चित्रपट ब्रिजिडच्या चेहऱ्यावर गजांची सावली पाडून एका प्रतिमेत तुरुंग उभा करतो; त्या प्रतिमेची ताकद मी आजही मानतो. परंतु तेथे शिक्षा होते ती केवळ तिला. कादंबरीत निवाडा स्पेडचाही होतो, आणि तो करते त्याच्यावर माया असलेली एफी. माझा ‘आदर्श नायक’ हा निष्कर्ष मी न वाचलेल्या त्या पानांवर टिकला नाही.

आपणही एखादी कादंबरी आणि तिचा चित्रपट निवडा. चित्रपटाने गाळलेला एक प्रसंग शोधा आणि तो गाळल्यामुळे उरलेल्या कथेचा अर्थ कसा बदलला, हे आपल्या शब्दांत लिहा. पृष्ठक्रमांक देण्यास मात्र विसरू नका.