वाळवणाचा वाटा

होळीचे साखरेचे हार-कंगन मुलांनी चाटून चाटून संपवले की आमच्या गल्लीत खाटा अंगणात निघायच्या. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल तालुक्यात आमचं गाव. होळीच्या आधी डोंगराकडे भोंगऱ्या बाजार भरायचा. तिथून परतणाऱ्या पावरा मंडळींचे ढोल रात्री उशिरापर्यंत ऐकू येत आणि माझा धाकटा अंथरुणात पडल्या पडल्या त्या ठेक्यावर पाय हलवत राहायचा. ते ढोल थांबले, होळी पेटली, रंग झाला, की घरातल्या जाणत्या बाईच्या तोंडी एकच प्रश्न असे: ज्वारी कधी भिजवायची?

हा प्रश्न एका घराचा नव्हता. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, एकटीनं होत नाहीत. पहाटे चूल पेटवायची, आधण ठेवायचं, भिजवून-वाळवून कांडलेल्या ज्वारीचं पीठ त्यात सोडायचं, लसूण, तीळ, जिरं, मीठ, तिखट घालायचं आणि दोन धडधाकट बायांनी लाकडी दांड्यानं तो घाटा घोटायचा. गरम आहे तोवर गोळे करून ओल्या फडक्यावर थापायचे, फडक्यासकट उचलून खाटेवर उलटायचे. ऊन चढायच्या आत खाटा भरल्या पाहिजेत. म्हणून आज आमच्याकडे, उद्या शेजारी, परवा कोपऱ्यावरच्या घरी, अशी पाळी लागायची. गल्लीतल्या एक म्हाताऱ्या जिजी ती पाळी ठरवायच्या आणि त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. ज्या घरी भांडण चालू असेल त्या घरीसुद्धा घाटा घोटायला जावंच लागे. बोलायचं नसलं तर बोलू नका, हात चालवा, असं जिजींचं म्हणणं. घाटा शिजेपर्यंत बहुतेक भांडणं आपोआप मिटायची. धुरानं सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी असायचं, त्यामुळे कोण कशानं रडतंय हे कळत नसे.

मुलांना त्या दिवशी उठवावं लागत नसे. वाटीत गरम घाटा, मध्ये खळगा, खळग्यात कच्चं शेंगदाण्याचं तेल. माझी लेक तो फुंकरही न घालता खायची आणि जीभ भाजली म्हणून दुसरी वाटी मागायची. कुरडयांच्या दिवशी गव्हाचा चीक, साखर घालून. उडदाच्या पापडाच्या दिवशी लाट्या. वर्षभर ज्यांच्या मागे ताट घेऊन फिरावं लागे, ती पोरं या महिन्यात आपण होऊन चुलीभोवती बसायची. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला मुलांजवळ बसायला वेळ कुठला? वेचणी, निंदणी, गुरं, पाणी. चैत्रात मात्र काम अंगणात आणि मुलंही अंगणात. माझ्या मुलांचे पाढे, त्यांची भांडणं, शाळेतल्या गुरुजींच्या नकला, सगळं मी थापता थापता ऐकलं आहे.

राखणीचं काम त्यांच्याकडे. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असायची. थोरला निंबाच्या सावलीत पुस्तक घेऊन बसे, हातात काठी. कावळा आला की इतिहास थांबायचा. पुस्तकावर निंबाचा मोहोर गळत राहायचा. बाजेखालून हात घालून अर्धे ओले बिबडे पळवणारा मुख्य चोर कावळा नव्हता, राखणदारच होता, हे मला माहीत होतं. कडेच्या बिबड्यांना कायम चावे असत.

आता कोणी त्या दिवसांचं कौतुक करू लागलं की मी एक गोष्ट आवर्जून सांगते: शेवयांचं यंत्र आलं तेव्हा गल्लीत एकाही बाईनं हळहळ केली नाही. पाटावर हातानं शेवया वळून मनगटं धरायची, रात्री कूस बदलता येत नसे. मुसळानं उडदाचं पीठ कुटून खांद्यातून कळा यायच्या. आणि हे सगळं जळगाव-भुसावळच्या उन्हात, जिथं चैत्रातच पारा चाळिशीला टेकतो. स्मरणरंजन करणाऱ्यांनी एक मूठभर उडीद कुटून बघावेत.

दिवसभर वाळवण, तिकडे खळ्यावर गहू-हरभरा. केळीच्या बागेला पाणी द्यायचं तर वीज रात्री यायची, म्हणून मुलांचे वडील कंदील घेऊन मळ्यात. मी मुलांना घेऊन घराच्या धाब्यावर झोपायची. मातीचं धाबं संध्याकाळी पाण्यानं शिंपून ठेवलं तरी मध्यरात्रीपर्यंत पाठीला ऊब लागायची. चैत्र पौर्णिमेच्या आधीच्या दिवसांत सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघालेली माणसं रस्त्यानं जात. त्यांचा जयजयकार कानावर आला की लेक हमखास विचारायची, "आई, आपण कधी जायचं चालत?" मी म्हणायची, बिबडे वाळू दे.

पण एवढं वाळवण कोणासाठी? आमच्या घरी माणसं मोजकी, आणि डबे मात्र माळ्यापर्यंत. लग्न होऊन आले तेव्हा मला हे कोडंच होतं. पहिल्याच वर्षी सासूबाईंनी वाळलेले बिबडे मोजायला बसवलं. हे मोठीचे, हे मधलीचे, हे धाकटीचे. तीन नणंदांचे तीन ढीग झाले, जुन्या लुगड्यांच्या धडप्यांत बांधले गेले, आणि जे तुटके-फुटके उरले ते घरात. सासूबाईंनी मग 1972 च्या दुष्काळाची गोष्ट सांगितली. शेतात ज्वारीचं कणीस नव्हतं, रेशनवर लाल मिलो मिळायची. त्यांनी मिलोचेच बिबडे केले. विटकरीसारखे लाल झाले, तळल्यावर फुलेनात. तरी लेकींचा वाटा काढला आणि एसटीनं पोचता केला. "लेकीच्या सासरी डबा उघडला की माय दिसते," असं त्या म्हणायच्या, "लाल तर लाल."

तो वाटा न्यायला लेकी यायच्या आखाजीला. तुमच्याकडची अक्षय तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा मुहूर्त असेल. खान्देशात आखाजी म्हणजे लेकीचा सण. बहिणाबाई चौधरींनी तिच्यावर कविता केली ती काही उगाच नाही. त्याही असोद्याच्या माहेरवाशीण होत्या. 1 मेला शाळेत निकाल लागायचा. आखाजी त्याच्या मागंपुढं. निकालपत्रं ट्रंकेत टाकून मी मुलांना घेऊन माहेरची एसटी धरायची. आणि इथंच घोळ होता. त्याच दिवशी माझ्या नणंदा इकडे यायच्या. गावातल्या घरोघरी एका दाराने सून बाहेर आणि दुसऱ्या दाराने लेक आत. मग राबायचं कोणी? त्या चार दिवसांत सासूच पुन्हा सून व्हायची. पालथ्या खापरावर पुरणपोळी करायची म्हणजे ती हातावर झेलत, कोपरापर्यंत मोठी करत नेऊन अलगद टाकायची. हे काम त्या वयात पुन्हा चुलीपुढं बसून सासूबाई करायच्या, आणि माहेरी माझी आई. आमरस, खापराची पोळी, रशी, कुरडया, भजी. लेकी झोक्यावर आणि म्हाताऱ्या चुलीपुढं.

सकाळी घागर भरायची. नव्या घागरीवर लहान मातीचं भांडं, त्यावर खरबूज, सांजोरी, आंबे. गेलेल्या माणसांची नावं घेऊन उंबरठ्यावर कुंकवाची बोटं उठवायची, चुलीत आगारीचा घास. त्याआधी घरात आंबा खायचा नाही. हा नियम पाळणं मुलांना परीक्षेपेक्षा जड जायचं. आढीतल्या आंब्यांचा वास घरभर आणि तोंडाला कुलूप.

दुपारनंतर गाव बायकांचं. निंबाच्या फांद्यांना दोर बांधलेले, दोघी-दोघी उभ्यानं झोका चढवायच्या. पोरी कोनाड्यात बसवलेल्या गौराईची गाणी म्हणायच्या. गौराई बोळवायला नदीवर गेलं की पलीकडच्या काठावर पलीकडच्या गावच्या बाया. मग दोन्ही काठांवरून गाण्यातून शिव्यांची जुंपायची, आणि त्या शिव्या अशा की माझ्या आईनं माझे कान झाकावेत आणि स्वतः मात्र सगळ्यात मोठ्यानं गावं. वर्षभर सासरी शब्द गिळणाऱ्या बायांना एक नदी मोकळी मिळायची. पुरुष तिकडे झाडाखाली पत्ते कुटत बसलेले. आखाजीला पत्ते खेळणं हा धर्मच, असं त्यांचं मत. हरलेल्याचं मत दुसऱ्या दिवशी बदले.

वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, म्हणजे सालदाराचं, सालही याच सणाला संपायचं. आमच्याकडचा सालदार मुलांना खांद्यावर घेऊन फिरवायचा. एका आखाजीला त्याचा आकडा जमला नाही आणि तो दुसऱ्या घरी राहिला. धाकट्यानं दोन दिवस आजोबांशी बोलणं टाकलं. लहान मुलांना साल संपणं कळत नाही, आणि ते समजावून सांगण्याजोगं काही मला सापडलंही नाही.

लेकीचं लग्न झालं तेव्हा जिजी नव्हत्या, धाब्याच्या जागी स्लॅब आला होता आणि गल्लीतली अंगणं मोटारसायकलींनी भरली होती. मी काही वर्षं घरी बिबडे केले, नंतर गुडघे म्हणाले पुरे. आता गावातल्या बचत गटाकडून घेते. मीठ जरा जास्त घालतात, ते मी दर वेळी सांगते आणि त्या दर वेळी हसतात. पण मोल मिळतं त्यांना हाताचं. आम्हाला कधी मिळालं?

लेक पुण्यात नोकरी करते. आखाजीला रजा नसते, म्हणून मुलांच्या सुट्टीत केव्हातरी येते. पण चैत्र लागला की फोन येतो: "आई, विकतचे घेतलेस तरी माझे मोजून वेगळे काढ. वहिनीच्या डब्यात मिसळू नकोस." माझी सून हे स्पीकरवर ऐकते आणि काही बोलत नाही. तिच्या माहेराहून आलेला डबा फडताळात सगळ्यात वरच्या फळीवर आहे. त्याच्या झाकणावर तिनं स्वतःचं माहेरचं नाव लिहून ठेवलंय, आणि त्यातली कुरडई तळायची असली तर मलाही तिला विचारावं लागतं.