गिरणीच्या आवारातली नोकरी

माझं माहेर डिलाईल रोडचं. कागदोपत्री तो ना. म. जोशी मार्ग, पण आमच्या चाळीत अजून कुणी तसं म्हणत नाही. लग्न होऊन कराडला आले त्याला आता तेरा वर्षं झाली. दर मे महिन्यात मुलांना घेऊन माहेरी जाते आणि एकदा तरी पूल ओलांडून सेनापती बापट मार्गाला चक्कर मारते. २०१८ च्या जुलैत हा पूल बंद झाला, तो २०२३ च्या नोव्हेंबरात पुरता खुला झाला. मधली वर्षं वळसा घालून गेले, पण गेले. मुलांना वाटतं, आई मॉल बघायला चालली. मी जाते ती माझ्या जुन्या नोकरीच्या जागी.

ही जागा म्हणजे फिनिक्स मिलचं आवार. १९०५ साली निघालेली ही कापडगिरणी. माझे आजोबा तिथं साचेखात्यात होते. त्या काळी आमच्या भागाचं घड्याळ म्हणजे गिरण्यांचे भोंगे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आजोबा त्यानंतर पाळीवर गेले नाहीत. घर चाललं ते आजीच्या खानावळीवर. पुढं त्याच आवारात चकचकीत दुकानं आली. धुराडं तेवढं उभं ठेवलं.

२००८ साली मी बी.ए. झाले नि त्या आवारातल्या बिग बझारमध्ये लागले. हे नाव बाजारात आलं २००१ साली, आणि फिनिक्समधलं दुकान त्यांच्या अगदी सुरुवातीच्या दुकानांपैकी एक. घरातल्या बायकांना आवडेल असं ते दुकान होतं. गहू, तांदूळ, डाळी उघड्या मांडलेल्या. मूठभर घ्यावं, दाणा दाताखाली धरून बघावा, मग मापावं! दुकानात मंडईसारखी दाटी असे, तीसुद्धा मुद्दाम केलेली. फार नीटनेटकं, रिकामं दुकान दिसलं की आपल्याकडचं साधं गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून ही मांडणी, असं मालक किशोर बियाणी यांनीच जाहीरपणे सांगितलेलं आहे. आम्ही मुली सकाळी ओळीनं सगळं रचायचो आणि दुपारपर्यंत ढिगारे व्हायचे. पहिल्या पहिल्यांदा मला रडू यायचं, नंतर हसू येऊ लागलं.

बुधवारचा बाजार वेगळा, आणि सव्वीस जानेवारीचा ‘सबसे सस्ता दिन’ तर त्याहून वेगळा. २००६ साली तो पहिल्यांदा झाला तेव्हा इतकी गर्दी लोटली की काही दुकानांचे दरवाजे लावून घ्यावे लागले. पुढं तो एका दिवसाचा तीन-चार दिवसांवर गेला. आमच्या वेळी त्या दिवसांत डबा खायला मिळाला तर नशीब.

मला सगळ्यांत आठवतो तो जुन्याच्या बदल्यात नवं देण्याचा हंगाम. जुने कपडे, रद्दी, भांडी आणायची; आम्ही ती वजन करून घ्यायची आणि कूपन द्यायचं. कूपनावर नव्या खरेदीत सूट. बायकांना हे काही शिकवावं लागलं नाही. बोहारणीशी घासाघीस करण्यात सगळ्यांचे हात तयार! एकदा एक बाई मोठं गाठोडं देऊन, कूपन घेऊन गेल्या आणि पंधरा मिनिटांत धापा टाकत परत आल्या. “बाई, त्यात माझ्या आईचं पोलकं गेलंय हो.” मी गाठोडं सोडलं. निळं, काखेत विरलेलं पोलकं निघालं. त्यांनी ते छातीशी धरलं आणि कूपन माझ्यापुढं केलं, “वजन कमी झालं असेल, पैसे कापा.” काट्यावर फरक दिसेल इतकंही त्याचं वजन नव्हतं.

आजोबा दुकानात यायला तयार नव्हते. आजीनं कितीदा म्हटलं, तरी “बघू, बघू” चालायचं. २०१० च्या दिवाळीत मात्र आले. आत आले नि वस्तूंकडं बघेनातच. पुन्हा दाराशी गेले, धुराडं कुठल्या बाजूला आहे ते बघून आले आणि म्हणाले, “म्हंजे आमचं साचेखातं हितंच कुठंतरी.” मग मला विचारलं, “पोरी, किती तास उभी असतीस?” मी म्हटलं, “आठ-नऊ.” “आमचंबी तेवढंच. रात्री पायाला तेल लावत जा.” पुढं दोन वर्षांत ते गेले.

२०११ मध्ये मी नोकरी सोडली, दुसऱ्या वर्षी लग्न झालं. बिग बझारचंही पुढं टिकलं नाही. कर्ज वाढत गेलं, कोर्टकज्जे झाले, २०२२ च्या फेब्रुवारीत रिलायन्सनं दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि ते नाव पाट्यांवरून उतरलं. तेव्हा मी कराडला शाळेत अर्धवेळ मराठी शिकवत होते. बातमी वाचली आणि त्या संध्याकाळी चहा करताना माझं कशात लक्ष नव्हतं.

माझ्याजवळ राहिलं ते थोडकं आहे. नावाचा बिल्ला, एक कापडी पिशवी आणि पहिल्या पगारात आईसाठी घेतलेल्या कुकरचं बिल. कुकर आईकडं अजून शिट्ट्या देतो, पण बिलावरची अक्षरं केव्हाच उडाली. मैत्रिणींनो, तुमच्याकडं असं जपायचं बिल असेल तर लक्षात ठेवा. ही बिलं उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावर छापतात. ऊन, उष्णता किंवा प्लॅस्टिकचं पाकीट लागलं की ती पांढरी पडतात. वेळीच झेरॉक्स काढून ठेवा. मी उशिरा का होईना, मागच्या बाजूला बॉलपेननं तारीख, वस्तू आणि किंमत लिहून ठेवली.

आई गेल्या वर्षी म्हणाली, “हेही तूच ने,” आणि आजोबांचा गिरणीतला पितळी बिल्ला माझ्या हातावर ठेवला. त्यावर नुसता नंबर आहे, नाव नाही. माझ्या प्लॅस्टिकच्या बिल्ल्यावर नाव आहे, नंबर नाही. एका आवारातली दोन माणसं! दोन्ही बिल्ले मलमलीच्या फडक्यात गुंडाळून एकाच डब्यात ठेवलेत. मुलीला दोन्ही हातात घेऊन बघू देते. पितळेचा जड लागतो म्हणून तिला तो जास्त आवडतो.