दातांचंच असेल!

लहान मूल असलेल्या घरात वर्षानुवर्षे पुरणारे एक वाक्य असते. मूल रडले, मूल जेवेना, रात्री झोपेना, पोट बिघडले, गाल लाल झाले, अंग कढत लागले – या सर्व प्रश्नांना ते एकच उत्तर देता येते : “दातांचंच असेल!” शेजारीण ते उंबऱ्यातूनच सांगते, मावशी फोनवरून सांगते, आणि आमच्या महाविद्यालयातले तर्कशास्त्राचे प्राध्यापकही चहाच्या घोटाबरोबर तेच सांगतात. वास्तविक कार्यकारणभावाबद्दल त्यांनी तरी जरा जपून बोलायला हवे!

या वाक्याचे मोठेपण असे, की ते खोटे ठरण्याची पाळी सहसा येत नाही. पहिला दात सहाव्या महिन्याच्या आगेमागे येतो आणि विसावा दुधाचा दात मूल अडीच-तीन वर्षांचे होईपर्यंत. म्हणजे मधल्या काळात मूल केव्हाही आजारी पडले, तरी कोणता ना कोणता दात वाटेवर असतोच. चोरीच्या रात्री गावात जो जो हजर होता, त्याला चोर ठरवावे, तसा हा न्याय!

न्याय मात्र जुना आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दात फुटणे हे सगळ्याच रोगांचे कारण असल्याचे म्हटले आहे. पण तेथेच, अशा दुखण्यांत मुलाला पथ्यपाण्याने फार जखडू नये, दात आले की ती आपोआप शमतात, असा शहाणपणाचा सल्लाही आहे. युरोपला एवढा धीर नव्हता. सोळाव्या शतकातला फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाझ पारे हिरडीला चीर देऊन दाताला वाट करून द्यावी, असे सांगत असे, आणि ती रीत पुढे कित्येक पिढ्या चालली. इंग्लंडात दात येणाऱ्या मुलांना जी पूड देत, तिच्यात पाऱ्याचे क्षार असत. त्याने मुलांचे हातपाय लालगुलाबी होत, ती रात्रंदिवस किरकिरत, काही दगावतही. रोगाचे मूळ औषधातच आहे हे उमगून ती पूड मागे घेतली गेली, तेव्हा १९५४ साल उजाडले होते. आमच्या सासूबाईंची सहाण त्या मानाने किती सात्त्विक! मुरडशेंग, हळकुंड, वेखंड, जायफळ आणि दातांसाठी म्हणून डिकेमाली. प्रत्येकाचे दोन-चार वेढे, आणि तोंडाने रामनाम.

आमची छकुली ही उशिरा आलेली पाहुणी. तिचा दादा आठवीत आणि मी चाळिशी ओलांडलेली. तिने दातांच्या बाबतीत पहिल्यापासूनच शिरस्ता मोडला. खालचे दोन आधी येतात, हिचे वरचे आधी आले. वरचे दात आधी आले की मामाला जड जातात, असे आपल्याकडे म्हणतात. सासूबाईंनी ते पाहिले मात्र, आणि त्यांचा चेहरा उतरला. “अगं, तुझ्या भावाला जपून राहायला सांग,” त्या म्हणाल्या. भाऊ जर्मनीत. मी त्याला कळवले, तर त्याने विचारले, हे दात किती मैलांपर्यंत लागू पडतात?

गेल्या दिवाळीत तोच मामा सहा वर्षांनी घरी आला, मोजून नऊ दिवसांकरिता. भाऊबीजेच्या रात्री मुंबईहून त्याचे विमान होते. माझे माहेर साताऱ्याचे. वडील शहात्तर वर्षांचे, आदल्याच पावसाळ्यात हृदयाच्या दुखण्यातून उठलेले. छकुलीला त्यांनी बारशानंतर पाहिले नव्हते. तेव्हा बेत असा ठरला, की पाडव्याला दुपारी महाडहून निघायचे, पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरमार्गे अंधार पडायच्या आत सातारा गाठायचे. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, आणि वडील, आम्ही दोघे भावंडे व दोन्ही नातवंडे असा एक फोटो. वडिलांनी त्या फोटोसाठी भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

महाडकराला सामान बांधायला शिकवावे लागत नाही. महाबळेश्वरला पाऊस किती झाला, ही चौकशी इथे गप्पांचा विषय म्हणून कोणी करत नाही. तिथले पाणी सावित्रीतून उतरून आमच्याच दारी येते. २२ जुलै २०२१ ला नदी गावात शिरली, तेव्हा काय माडीवर न्यायचे आणि काय पाण्याला सोडायचे, हे आम्ही तासाभरात ठरवले. तेव्हापासून कागदपत्रांची एक पिशवी दारामागे कायमची बांधलेली असते. आणि २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल एस.टी.च्या दोन गाड्यांसह गेला, त्यानंतर “पोचलीस की फोन कर” हे वाक्य आमच्या गावात निरोप राहिला नाही, तो हुकूम झाला.

पण पुरासाठी बांधाबांध करणे निराळे आणि पंधरा महिन्यांच्या मुलीसह दिवाळीला निघणे निराळे. पुरात निदान बांधलेले सामान कोणी सोडत नाही! मी पिशवीत दुपटी भरावीत आणि छकुलीने ती एकेक करून बाहेर काढावीत. चकलीच्या डब्याचे झाकण, दादाच्या चपलेचा पट्टा, पिशवीचा बंद, जे हाती लागेल ते हिरडीखाली. लाळ अशी, की दर तासाला झबले बदलावे. पहिल्या दाढा तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यांत येतात, तेव्हा हिशेब बरोबर जुळत होता. खालच्या उजव्या हिरडीवर पांढुरका उंचवटाही दिसत होता.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिने बत्तासा नाकारला. ही गोष्ट घरातल्या सर्वांना एकदमच खटकली. अंगाला हात लावला तर कढत. दिवे लावून होईपर्यंत ताप एकशे एक, आणि बाहेर फटाक्यांचा जोर वाढला तसा तोही वाढत जाऊन एकशे तीनवर गेला. मिस्टर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून दुसरी पाळी करून आले, ते पायरीवरच थबकले. आत दिवाळी आहे असे वाटावे, असा एकही आवाज घरात नव्हता.

“दाढ येत्येय गं तिची,” सासूबाई म्हणाल्या. “बघ ना, कान कसा ओढत्येय. दाढेचंच असेल.”

त्यांचे निरीक्षण खरे होते. दाढ येताना हिरडीची कळ कानापर्यंत जाते आणि मुले कान ओढतात. पण कान दुखत असला तरीही ती कानच ओढतात! मला अडत होते ते दुसऱ्याच जागी. तोवर तिला आठ दात आले होते, आणि त्या आठांपैकी एकानेही पारा शंभराच्या वर चढवला नव्हता. मग नवव्यानेच एवढा थाट का करावा? शिवाय ‘पेडियाट्रिक्स’ या अमेरिकन मासिकात २०१६ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता, तो मी वाचला होता. दात येताना हिरडी चुरचुरते, लाळ गळते, मूल चिडचिडे होते, अंगही किंचित गरम होते. पण खरा ताप दातांनी येत नाही, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे तापाला दुसरा कोणी मालक शोधायला हवा होता. वजनाप्रमाणे मोजून तापाचे औषध दिले, अंगावरचे जाड कपडे काढले आणि चमचा-चमचा पाणी पाजत आम्ही रात्र काढली. ओळीने मांडलेल्या पिशव्या अंधारात गावाला निघालेल्या पाहुण्यांसारख्या ताटकळत बसल्या होत्या.

पाडव्याच्या सकाळी डॉक्टरांनी आधी तोंडात पाहिले, मग नळीचा दिवा लावून कानात. “दाढ आहेच,” ते म्हणाले. “पण उजव्या कानाचा पडदा लालभडक झालाय. ताप त्याचा आहे.” औषध लिहून देताना त्यांनी बजावले, की ताप उतरला तरी ते पुरे करायचे, मूल पाणी पिईना, सुस्त पडले किंवा त्याला धाप लागली, तर वेळकाळ न पाहता आणायचे.

“आणि घाट?” मिस्टरांनी विचारले.

घाटाचे ऐकून डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. कानाच्या मधल्या भागातून घशात एक बारीक नळी जाते. तिच्यामुळे कानातला दाब आणि बाहेरचा दाब सारखा राहतो. सुजेने ती नळी बुजली, की चढावर बाहेरचा दाब उतरतो, आतला तसाच राहतो, आणि आधीच सुजलेला पडदा ताणला जातो. महाड समुद्रसपाटीहून जेमतेमच वर, आणि महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटर! “दोन-तीन दिवस तरी नको, पुढचं पुन्हा कान पाहून ठरवू,” ते म्हणाले. वरंध घ्या, ताम्हिणी घ्या. सह्याद्री ओलांडायचा, तर कुठून तरी चढावे हे लागतेच.

भाड्याच्या गाडीवाल्याला फोन केला. सणाचे गिऱ्हाईक गेले म्हणून तो कुरकुरेल असे वाटले होते. तो म्हणाला, “ताई, पोरीला बरं वाटू दे. घाट कुठं पळून जातोय!” वडिलांनीही तेच सांगितले, निराळ्या शब्दांत. पण त्यांच्या बोलण्याआधी क्षणभर जी शांतता पसरली, ती मला साताऱ्याहून महाडपर्यंत ऐकू आली. घाट पळून जात नाही, हे खरे. शहात्तर वर्षांच्या माणसाबद्दल तसे कोणी सांगावे?

दुपारी मी पिशव्या सोडत होते. छकुलीला थोडा डोळा लागला होता. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सहाण त्यांनी सकाळीच धुऊन ठेवून दिली होती. त्या आपल्याशीच बोलाव्यात तशा बोलू लागल्या.

“ह्यांच्या आधी मला एक मुलगी होती. चौदा महिन्यांची. श्रावणातच ताप आला. ओढे भरलेले, पोलादपूरला उतरायला वाट नाही. माझी सासू म्हणत होती, दातांचंच असेल. तीन दिवस म्हणत होती.” मग थोड्या वेळाने, “दात होता गं. मला हाताला लागला होता.”

एवढेच. लग्नाला अठरा वर्षे झाली, पण त्या मुलीबद्दल मी त्या दिवशी प्रथम ऐकले. मिस्टरांना ठाऊक होते की नाही, हे मी अजून विचारलेले नाही.

त्या दिवसापासून या वाक्याला हसताना मी थोडी थांबते. डॉक्टर दिवसभराच्या पायपिटीवर आणि मध्ये पुराने फुगलेला ओढा, अशा वाडीतल्या बाईला हातात घेण्यासारखे दुसरे काय होते? ते रोगाचे निदान नव्हतेच. ‘हे जाणारे दुखणे असो’ असा तो नवस होता, निदानाच्या भाषेत बोललेला. आज वाडीपर्यंत गाडी जाते, हाताशी औषध आहे, कानात पाहायची नळी आहे. नवसाची गरज सरली तरी तोंडातला नवस सरत नाही, आणि धोका आहे तो तेथेच. दवाखाना दहा मिनिटांवर असताना जो हेच वाक्य म्हणून थांबतो, त्याला ओढ्याची सबब सांगता येत नाही.

भाऊबीजेच्या सकाळी दहाच्या सुमारास दारात गाडी थांबली. भाऊ पहाटेच साताऱ्याहून निघून घाट उतरून आला होता. इथूनच तो पुढे मुंबईला जाणार होता. वडिलांना येता आले नाही. घाटातली वळणे त्यांच्या डॉक्टरांनी मना केली होती. आजोबाला घाट उतरता येईना आणि नातीला चढता येईना! उतरलेल्या तापाची छकुली मिस्टरांच्या खांद्यावरून त्या परक्या मनुष्याकडे संशयाने पाहत होती.

“तुम्हालाच जड होते हो हिचे दात,” सासूबाई त्याला म्हणाल्या.

“जडच गेले,” तो म्हणाला. “पहाटे पाचला उठावं लागलं!”

सासूबाई हसल्या, त्या दिवाळीत प्रथमच. मी त्याला ओवाळले. छकुलीच्या नावाने तबकात पडलेले नाणे तिने ताबडतोब तोंडात घालायला घेतले, आणि ती बरी होत असल्याची सर्वांची खात्री पटली. फोटो काढला, फोनवरून साताऱ्याला दाखवला. दोन तासांनी तो गेला. “पोचलास की फोन कर,” मी म्हटले.

औषधे पुरी झाली, डॉक्टरांनी पुन्हा कान पाहिला, आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास आम्ही आंबेनळी चढलो. कान दडे बसू नयेत म्हणून वळणावळणाला तिला घोट-घोट पाणी पाजत होतो. गिळताना ती नळी उघडते. वडील पायरीवर उभे होते. जन्मभर गणित शिकवलेला माणूस. नातीला मांडीवर घेऊन त्यांनी आधी तिचे दात मोजले. नवव्या दाढेने त्यांच्या बोटावर आपली सही केली. “अजून अकरा,” ते बोट चोळत म्हणाले, आणि पुढचे वर्षभर आपल्याला काम मिळाले, अशा समाधानाने त्यांनी तो आकडा वहीत टिपला.

भिंतीवरच्या खिळ्याला सध्या दिनदर्शिका लटकते आहे. पाचजणांचा फोटो अजून व्हायचा आहे; मामाला पुढली सुटी मिळेपर्यंत वीसच्या वीस दात आलेले असतील. तोवर मी एवढेच पाहते, की मूल तापले तर दातांना दोष देण्याआधी थर्मामीटर लावायचा. दात काय, बिचारे येतातच. त्यांच्यामागे लपून दुसरे कोणी घरात शिरत नाही ना, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.