नंदूदादाने पाहिलेलं पुणं

नंदूदादाला पुणं कुणी दाखवलं, यावरून आमच्या घरात अजून वाद होतो. विनू म्हणतो, मी. शैलाताई म्हणते, तुम्ही सगळे तेव्हा चड्डीत होतात, दाखवलं ते काकांनी आणि मी. बाळ्याचं म्हणणं, फुलराणीची तिकिटं मी काढली, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. माझं मत असं की त्याला पुणं कुणीच दाखवलं नाही. त्या दोन दिवसांत तो जागा होता तरी कधी?

साल 1981, महिना ऑक्टोबर. नंदूदादा माझा सख्खा मावसभाऊ, अमरावतीचा. नुकती सतरा पूर्ण झालेली. जुलैत तो खडकवासल्याला एनडीएत दाखल झाला. त्यांच्याकडे प्रत्येक कॅडेटला गावात एक पालक लागतो, ‘लोकल गार्डियन’. त्या कागदावर बाबांनी सही केली आणि त्या दिवसापासून नागनाथ पारापासून पेरूगेटापर्यंत ज्याला त्याला, विचारो न विचारो, कळत गेलं की आमच्याकडे एक कॅडेट आहे. फक्त कॅडेट काही येईना. जुलै गेला, गणपती गेले. पहिल्या सत्रातल्या मुलांनी ड्रिलची परीक्षा पास केल्याशिवाय त्यांना रविवारी बाहेर सोडत नाहीत, असं मावशीच्या पत्रातून समजलं. आजीला हे काही पटेना. “चालण्याची परीक्षा? सतरा वर्षांचा घोडा झाला, चालता येत नाही होय त्याला?”

शेवटी सत्राच्या मध्यावरची सुट्टी लागली आणि एका शनिवारी सकाळी तो वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत आला. त्या उकाड्यात अंगावर ब्लेझर, गळ्यात टाय, करड्या रंगाची इस्त्रीची पँट. आम्ही सिनेमातल्यासारखा कुणीतरी धिप्पाड माणूस येणार म्हणून ओट्यावर रांगेने बसलो होतो. आला तो उन्हाने काळवंडलेला, काटकुळा मुलगा. केस इतके बारीक कापलेले की कान वेगळे चिकटवल्यासारखे दिसत होते. बाबा पुढे झाले तसा तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “गुड मॉर्निंग, सर.”

“सर कोणाला म्हणतोस? काका म्हण,” आजी आतून ओरडली.

“येस सर,” तो म्हणाला. वाड्यातले सगळे बिऱ्हाडकरू हसले. तोही हसला, तेव्हा त्याचं वय कळलं.

जेवण त्याने कसं केलं हे आम्हा चौघांनाही सारखंच आठवतं. एवढ्या एकाच गोष्टीवर आमचं एकमत आहे. आईने साधं वरण, बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि श्रीखंड असा बेत केला होता. तो पाठ ताठ ठेवून बसला आणि आमचा पहिला भात कालवून होईपर्यंत त्याचं ताट स्वच्छ. आजी त्याच्याकडे बघतच राहिली. “अरे, मागे कोण लागलंय तुझ्या?” त्याने खरंच मागे वळून पाहिलं.

मग दोन दिवसांचा कार्यक्रम ठरायला लागला. काका शाळेत इतिहास शिकवत. त्यांनी आधीच कागदावर लिहून ठेवला होता. शनिवारी पर्वती आणि पेशवे पार्क. रविवारी भल्या पहाटे निघून सिंहगड. वर गेल्यावर झुणका-भाकर, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. दह्याचं वर्णन काका इतकं रंगवून करत होते की आम्हालाच सुटलं पाणी. नंदूदादाचा चेहरा मात्र पडला. “सिंहगड?” तो म्हणाला. “नाही नं बाप्पा!” आणि लगेच सावरून, “म्हणजे, पुढच्या वेळी जाऊ, सर.” काकांना वाटलं, पोराला चढाचा कंटाळा आला. ते थोडे हिरमुसले. सैन्यात जाणाऱ्याला तानाजीच्या गडाचा कंटाळा!

पर्वतीच्या 103 पायऱ्या. आम्ही दर वीस पायऱ्यांवर टेकत होतो आणि तो दोन-दोन पायऱ्या घेत एका दमात वर. आम्ही धापा टाकत पोचलो तर हा कठड्याशी उभा, घाम नाही की काही नाही. मग काकांनी आम्हाला वायव्येकडे तोंड करून उभं केलं आणि खडकीच्या लढाईला हात घातला. 5 नोव्हेंबर 1817, बापू गोखले, इंग्रजांची पलटण, आणि इथून, याच टेकडीवरून, दुसरा बाजीराव लढाई पाहत होता. काका रंगात आले की त्यांचा उजवा हात तलवारीसारखा चालत असे. तो हात गणेशखिंडीपर्यंत पोचला आणि त्यांनी मागे वळून पाहिलं, तर नंदूदादा भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, गाढ झोपलेला. उभ्या उभ्या. टायची गाठसुद्धा हललेली नव्हती.

“याला काय म्हणायचं?” काका म्हणाले. “उद्याचा सेनापती, आणि लढाई चाललेली असताना झोपतो!”

“बाजीराव तरी कुठे जागा होता?” विनू म्हणाला. त्याला एक टपली मिळाली. त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला विनोद, आणि तो अकराव्या वर्षीच करून झाला.

खाली उतरून पेशवे पार्क. फुलराणीत बसायला तो आधी तयार नव्हता. ब्लेझर घातलेल्या माणसाने लहान मुलांच्या आगगाडीत बसणं शोभतं का, असं त्याचं म्हणणं. बाळ्याने रडायचा नुसता आविर्भाव केला आणि तो बसला. गुडघे हनुवटीपाशी आलेले. गाडी सुटली, एक वळण घेतलं, आणि दुसऱ्या वळणावर त्याची मान शैलाताईच्या खांद्यावर. परत येताना निंबाळकर तालमीपाशी आंब्याची मस्तानी प्यायलो. तीही त्याने श्रीखंडासारखी एका दमात संपवली. मी अर्धी उरवलेली पाहून म्हणाला, “तुले नको असन तं दे इकडे.” ‘नाही नं बाप्पा’नंतर दिवसभरात तो अमरावतीसारखं बोललेला तेवढाच.

त्या रात्री दोन गोष्टी झाल्या. एक मी पाहिली, दुसरी ऐकली.

पाहिलेली अशी. जेवणं झाल्यावर तो ओट्यावरच्या दिव्याखाली बूट घेऊन बसला. बोटाला कापसाचा बोळा गुंडाळला, पॉलिशच्या डबीला हलकेच लावला, वाटीतल्या पाण्यात टेकवला आणि बुटाच्या टोकावर बारीक बारीक गोल फिरवायला लागला. नाण्याएवढा गोल, मग त्याला चिकटून दुसरा. मध्येच तोंडाची वाफ देऊन बघायचा. आम्ही चौघं उकिडवे बसून पाहत होतो. अर्ध्या तासाने त्या टोकात वरचा दिवा दिसायला लागला, मग बाळ्याचं नाक. मला वाटलं, आता झालं. त्याने दुसरा बूट उचलला. बाह्या वर सरकवलेल्या होत्या. आई पाण्याचा तांब्या ठेवायला आली आणि तिथेच थबकली. त्याच्या दोन्ही कोपरांची सालं गेली होती. जुन्या खपलीवर नवी खपली.

“हे काय रे?”

“सायकलवरून पडलो, मावशी. आम्हाले वर्गात सायकलीवर जा लागते.”

“दोन्ही कोपरांवर पडलास?”

तो काही बोलला नाही. आई खोबरेल तेल घेऊन आली. त्याने निमूटपणे हात पुढे केले. तिकडे फ्रंट रोल नावाची कोलांटउडी डांबरावरसुद्धा मारायला लावतात आणि त्या सगळ्या प्रकाराला ‘रगडा’ म्हणतात, हे आम्हाला बऱ्याच वर्षांनी समजलं. आईला ते त्याच रात्री कळलं असावं, निदान तेल लावताना ती ज्या प्रकारे गप्प होती त्यावरून.

आणि ऐकलेली. आम्ही मुलं माडीवर एका ओळीत झोपलो होतो. विनूने अंधारात विचारलं, “नंदूदादा, तुला सिंहगड का नको?” बराच वेळ उत्तर नाही, मला वाटलं, झोपला. मग म्हणाला, “तुमचा सिंहगड आमच्याकडे शिक्षा असते. काही चुकलं की रविवारी पाठीवर पिठ्ठू बांधून पळत जायचं, वर चढायचं, वेळेत परत यायचं. माझे दोन झाले.” आणि मग, “मावशीले सांगू नका बरं.” आम्ही गळ्याची शपथ घेतली. ती पूर्ण होण्याआधीच तो घोरायला लागला होता.

रविवारी शनिवारवाडा. तिथे तो जागा होता, हे काकांच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. नारायणरावाच्या खुनाची गोष्ट आम्हाला पाठ होती. 30 ऑगस्ट 1773, मागे तलवारी घेऊन गारदी, ‘काका मला वाचवा’. आम्ही कारंज्याकडे पळालो. त्याने मात्र पहिल्यांदाच तोंड उघडलं. “पण सर, पहारा कुठे होता?” काकांचा चेहरा उजळला. पहाऱ्याचे गारदीच तर मारेकरी होते, त्यांचा पगार थकलेला होता, असं सगळं त्यांनी फोड करून सांगितलं. शेवटी सहज म्हणाले, “अठरा वर्षांचं पोर होतं ते.” आईने एकदा नंदूदादाकडे पाहिलं आणि म्हणाली, ऊन झालंय, आता चला.

राजा केळकर संग्रहालयात अडकित्त्यांच्या कपाटापर्यंत त्याने तग धरला. शेकडो अडकित्ते पाहून “एवढी सुपारी कोण खात होतं?” असंही त्याने विचारलं. पुढे मस्तानी महालाजवळ बाक होता. तिथला रखवालदार आला, झोपलेल्या कॅडेटकडे पाहिलं, त्याच्या बुटांकडे पाहिलं, आणि आम्हालाच बोट ओठांवर ठेवून गप्प राहायला सांगून गेला.

दुपारच्या जेवणानंतर “पंधरा मिनिटं पडतो, मला तीनला उठवा,” असं सांगून तो आजीच्या खोलीत आडवा झाला. इथून पुढच्या हकिगतीत चार साक्षीदारांच्या चार जबान्या आहेत. शैलाताई म्हणते, उठवायचं काम विनूकडे होतं. विनू म्हणतो, मी गेलो होतो, दारात आजी बसली होती. मला आठवतं ते असं की आजी उंबऱ्यात जपमाळ घेऊन बसली होती आणि तीन वाजता, साडेतीन वाजता, चार वाजता जो जो आला त्याला तिने हातानेच परत पाठवलं. बाबा घड्याळ दाखवत होते. आजी म्हणाली, “सरकारला सांगा, आजीने झोपवला होता.” खोलीत तो पालथा पडला होता, तोंड उघडं, तेल लावलेली कोपरं उशीच्या दोन बाजूंना.

साडेचारला तो आपणच उठला, घड्याळ पाहिलं, आणि त्याचा रंगच उडाला. मग जी धावपळ झाली ती लढाईसारखीच. डेक्कनवरची बस गेलेली. रिक्षा मिळाली, ती वारज्याच्या पुढे पंक्चर झाली. बाबा सोबत होते. त्यांच्या हिशेबाच्या वहीत त्या तारखेला ‘रिक्षा 19 रु.’ असं आहे आणि खाली, दुसऱ्या शाईत, ‘उशीर’. वहीत इतर कुठेही त्यांनी असला शेरा लिहिलेला नाही.

पुढे 1984 च्या उन्हाळ्यात त्याचं दीक्षांत संचलन पाहायला आम्ही सगळे खेत्रपाल मैदानावर गेलो. सुदान ब्लॉकचा तो लाल दगडाचा घुमट पाहून काकांनी आम्हाला उभ्या उभ्या पाठ दिला: दुसऱ्या महायुद्धात आपल्या जवानांनी सुदानसाठी रक्त सांडलं म्हणून त्या देशाने एक लाख पौंड दिले, त्यातला फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेला हिस्सा इथे लागला. समोरून शेकडो मुलं एका पावलाने गेली. त्यातला आमचा कोणता, हे शेवटपर्यंत एकालाही सांगता आलं नाही. आजी म्हणाली, “चालायला शिकला बाई.” नंदूदादा पुढे कर्नल होऊन निवृत्त झाला, नागपूरला असतो. विनूच्या मुलीच्या लग्नात आम्ही त्याला गाठून विचारलं, तुला पुणं नक्की कुणी दाखवलं? तो म्हणाला, “मले तं अडकित्ते आठवतात फक्त.”

पण हे फार पुढचं. त्या रविवारनंतर नऊ-दहा दिवसांनी त्याचं पोस्टकार्ड आलं. बाबांनी ते संध्याकाळी ओट्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. “ती. काका यांस सा. न. वि. वि. मी इकडे मजेत आहे. काल रविवारी सिंहगडावर जाऊन आलो. हवा चांगली होती. दही खायला वेळ मिळाला नाही. आजींना नमस्कार.”

“बघा!” काका मांडीवर थाप मारून म्हणाले. “नको नको म्हणत होता, गेला की नाही शेवटी? आपण मनात भरवलं म्हणून गेला.” बाबांनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं, या वेळी शेजारच्या बिऱ्हाडालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. विनूने माझ्याकडे पाहिलं, मी बाळ्याकडे. आई हातातलं निवडणं तसंच ठेवून आत गेली.

आजीचं लक्ष भलतीकडेच होतं. “दही नाही मिळालं पोराला,” ती म्हणाली. “पुढच्या खेपेला यायचा असेल तेव्हा आदल्या रात्री सांगा. घरीच मडक्यात विरजण लावीन.”