मॉलमधला जुना पार्क : मुलांना न्यावे की नाही?

मलेशियाला जाऊन आलो म्हटले की भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. खाणे हलाल मिळते का? भाषेची अडचण येते का? खर्च किती आला? आणि ज्यांच्या घरात शाळकरी मुले आहेत ते हमखास आणखी एक विचारतात : क्वालालंपूरच्या त्या मॉलमध्ये म्हणे आतल्या आत रोलर कोस्टर आहे, तिथे मुलांना नेण्यासारखे आहे का? की आता तो पार्क जुना झाला?

१ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसाविना राहता येऊ लागले. (ही सवलत मुदतीची आहे, त्यामुळे तिकिटे काढण्यापूर्वी खात्री करावी. डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र निघण्यापूर्वी ऑनलाइन भरावे लागते.) त्यामुळे मुलाबाळांसह तिकडे जाण्याचा विचार करणारी कुटुंबे वाढली आहेत. त्यांच्यासाठी हा प्रश्न थोडा सविस्तर मांडावा, असे आम्हाला वाटले.

आम्ही आठ जण होतो. आम्ही दोघे भाऊ, दोघांच्या बायका, अम्मी आणि तीन मुले : एक सहा वर्षांची, एक अकरा वर्षांचा आणि एक पंधरा वर्षांची. आठ जणांचे कुटुंब म्हटले की कुठलेही तिकीट आठाने गुणावे लागते, आणि एका रिंगिटला आपले वीसएक रुपये मोजावे लागतात. म्हणून ‘आलोच आहोत तर पाहून घेऊ’ ही चैन आमच्यासारख्यांना परवडत नाही. मुलांचा आनंद खरा, आणि इस्राफ म्हणजे उधळपट्टी टाळायची जबाबदारीही खरी.

पार्क आहे तरी कसा?

बर्जाया टाइम्स स्क्वेअर हा मॉल बुकित बिंतांग भागाला लागून असलेल्या इंबी परिसरात आहे. दोन उंच मनोरे आणि खाली भला मोठा मॉल, अशी ही इमारत २००३ साली खुली झाली. त्याच वर्षी शहरात मोनोरेलही सुरू झाली. तिच्या इंबी स्टेशनावर उतरले की थेट मॉलमध्ये शिरता येते. वयस्कर माणसे आणि लहान मुले सोबत असतील तर ही सोय मोठी आहे, कारण बाहेर कधी ऊन असते, कधी मुसळधार पाऊस.

पार्क मॉलच्या वरच्या मजल्यांवर आहे. सुरुवातीला त्याचे नाव ‘कॉस्मोज वर्ल्ड’ होते. त्याचे दोन भाग आहेत. पाचव्या मजल्यावर ‘गॅलक्सी स्टेशन’ हा मोठ्या मुलांचा भाग. तिथल्या राइड्स वेगाच्या, गरगर फिरवणाऱ्या, पोटात गोळा आणणाऱ्या. सातव्या मजल्यावर ‘फँटसी गार्डन’ हा लहानग्यांचा आणि कुटुंबांचा भाग. तिथे संथ फिरणारे घोडे-पाळणे, छोट्या गाड्या आणि टकरा देणाऱ्या मोटारी आहेत.

या पार्काची खरी ओळख म्हणजे ‘सुपरसॉनिक ओडिसी’ हा रोलर कोस्टर. इंटामिन या स्विस कंपनीने तो बसवला. त्याचे रूळ सुमारे ८०० मीटर लांबीचे आहेत आणि ते सगळे छताखाली बसवलेले आहेत. मैदानावरच्या कोस्टरमध्ये आजूबाजूला मोकळे आकाश असते. इथे भिंती, खांब आणि छत अगदी जवळून सरकतात, त्यामुळे वेग आहे त्याहून जास्त भासतो. गाडी माणसाला उलटे करते तेव्हा डोक्याखाली मॉल असतो! आमच्या पंधरा वर्षांच्या लेकीला हेच हवे होते. अकरा वर्षांचा शूरवीर आधी गाडी दोनदा जाऊ देऊन मग बसला.

मॉलमध्ये पार्क कशासाठी?

क्वालालंपूर विषुववृत्ताजवळ आहे. बाराही महिने उकाडा, आणि दुपारनंतर विजांसह पाऊस ही तिथली नेहमीची गोष्ट. आपल्याकडे मे महिन्यात सुट्टी लागली की कुटुंबे निघतात, पण तिकडेही त्या दिवसांत गारवा नसतोच. अशा शहरात छताखालचा पार्क ही गरजेची सोय ठरते.

दुसरे कारण व्यापाराचे आहे. कॅनडातल्या वेस्ट एडमंटन मॉलने १९८३ साली आपल्या पोटात पार्क उघडला. सोलच्या लोटे वर्ल्डने १९८९ साली तेच केले. मुलांना खेळात गुंतवले की आईवडील मॉलमध्ये जास्त वेळ थांबतात, जेवतात आणि खरेदी करतात, हे त्यामागचे साधे गणित. पण या गणितात एक अडचण आहे. दुकान जुने झाले की नवा भाडेकरू येतो, दर्शनी भाग बदलतो. कोस्टर तसा बदलता येत नाही. इमारतीत बसवलेले शेकडो मीटर लोखंड रोज तपासत, दुरुस्त करत वर्षानुवर्षे चालवावे लागते. म्हणून असे पार्क हळूहळू मॉलपेक्षाही जुने दिसू लागतात.

गेंटिंग हायलँड्सने वेगळा मार्ग घेतला. तिथला जुना इनडोअर पार्क काढून २०१८ च्या अखेरीस ‘स्कायट्रोपोलिस’ हा नवा पार्क उघडला गेला. टाइम्स स्क्वेअरने मात्र आपला कोस्टर जपला आहे. तेव्हा इथे येताना रंगसंगती आणि सजावट २००३ च्या काळातली असेल हे गृहीत धरावे. मोबाइलवर मोठ्या नव्या पार्कांची चित्रे पाहून आलेल्या मुलाला ते जाणवते. सहा वर्षांच्या मुलीला मात्र सजावटीच्या वयाशी देणेघेणे नसते. घोडा वरखाली झाला की तिचे काम झाले.

जुने म्हणजे धोक्याचे का?

हा प्रश्न अम्मींनी विचारला, आणि तो योग्यच होता. यंत्राचे वय आणि यंत्राची निगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला पार्क दिवस सुरू होण्याआधी रिकामी गाडी फिरवून पाहतो आणि ठरावीक काळाने राइड पूर्ण बंद ठेवून तपासतो. म्हणून एखादी राइड ‘देखभालीसाठी बंद’ अशी पाटी लावून ठेवलेली दिसली तर ते वाईट लक्षण समजू नये. पैसे देणाऱ्याला मात्र ते आधी कळायला हवे. कुठल्याही जुन्या पार्कात तिकीट काढण्यापूर्वी खिडकीवरच विचारावे : आज कोणत्या राइड्स बंद आहेत? मुलाला ज्या राइडसाठी यायचे आहे तीच बंद असेल तर दुसऱ्या दिवशी यावे.

बाकीची खबरदारी आपल्या हातात आहे. उंचीची अट असेल तिथे मुलाला टाचा उंच करायला लावू नये. खांद्यावरचा अडसर लागल्याचा आवाज आला तरी एकदा हाताने ओढून पाहावा. कंबरदुखी, रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर पाचव्या मजल्याकडे फिरकू नये.

आपल्या बहिणींसाठी एक खास सूचना. सैल दुपट्टा, लोंबणारा स्कार्फ आणि टाचण्या घेऊन वेगाच्या राइडमध्ये बसू नये. डोक्याला घट्ट बसणारा, टोके कपड्याच्या आत खोचलेला, बिनटाचणीचा हिजाब घालावा. टकरा देणाऱ्या मोटारींत बसताना अबायाचा घेर सावरून घ्यावा. मलेशियात ‘तुडुंग’ घातलेल्या मुली या राइड्समध्ये सर्रास बसतात. त्यामुळे कुणी वळून पाहील असा संकोच तिथे वाटत नाही. आमच्या घरातल्या दोघी, ज्यांनी आपल्याकडच्या जत्रेत पाळण्यात बसणे केव्हाच सोडले होते, त्या तिथे मनमोकळेपणाने बसल्या.

पंजाच्या यंत्राचा प्रश्न

पार्कापेक्षा जास्त विचार करायला लावणारी गोष्ट पार्काच्या आजूबाजूला असते. जवळजवळ प्रत्येक मोठ्या मॉलमध्ये खेळयंत्रे मांडलेली असतात. त्यांत काचेच्या पेटीत मऊ खेळणी आणि वरून खाली येणारा लोखंडी पंजा असलेले यंत्र मुलांना फार ओढते. शहरातल्या दुसऱ्या एका मॉलमध्ये आमचा अकरा वर्षांचा पुतण्या तिथे अडून बसला. आम्ही नाही म्हटल्यावर त्याने विचारले, “चाचू, रोलर कोस्टरला पैसे दिलेले चालतात, मग याला का नाही?”

प्रश्न सोपा नव्हता. आम्ही त्याला सांगितले ते असे : कोस्टरचे तिकीट काढताना किती पैसे जाणार आणि त्याबदल्यात काय मिळणार, दोन्ही ठाऊक असते. या यंत्रात जाणारे पैसे ठाऊक असतात, मिळणारे ठाऊक नसते. त्यात पंजाची पकड किती घट्ट असावी आणि ती किती डावांनंतर घट्ट व्हावी, हे अशा अनेक यंत्रांत मालकाला ठरवता येते. मुलाला वाटते आपला नेम थोडक्यात चुकला, आणि तो पुन्हा नाणे टाकतो. ‘आता येईलच’ ही आशाच तिथे विकली जाते.

याला जुगार म्हणावे की नाही, हा मसला आपापल्या आलिमांना विचारावा. आम्ही फतवा देणारे नाही. पण बाप, चाचा म्हणून आम्हाला एवढे कळले की लहान वयात नशिबावर पैसे लावण्याची गोडी लागू नये. म्हणून आम्ही वाट काढली : ज्या खेळात बक्षीस नाही, नुसते खेळणे आहे, तो खेळावा. बास्केटबॉल टाकणे, मोटार पळवण्याचे यंत्र, हवेवर सरकणारी हॉकी. तेही प्रत्येकाला आधी ठरवून दिलेल्या रकमेत. पुतण्या थोडा वेळ रुसला. मग बाजूला उभा राहून इतरांचे डाव मोजू लागला. बऱ्याच वेळाने स्वतःच म्हणाला, “कुणालाच मिळत नाहीये.”

पार्काच्या तिकिटाची बाजू इथेच भक्कम होते. एकदा तिकीट काढले की आतल्या राइड्सवर पुन्हा पुन्हा बसता येते, दर वेळी खिशात हात घालावा लागत नाही. मात्र काही गोष्टी आधी विचाराव्यात : परदेशी पाहुण्यांचा दर किती (स्थानिकांचा वेगळा असतो), मुलांना आणि ज्येष्ठांना सवलत आहे का, आणि ज्यांना राइडमध्ये बसायचेच नाही त्यांनाही तिकीट लागते का. आमच्या अम्मींनी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकण्याआधीच निर्णय घेतला. त्या धाकट्या सुनेसोबत खाली मॉलमध्ये राहिल्या आणि त्यांचा वेळ आमच्यापेक्षा बरा गेला.

नमाज आणि जेवण

क्वालालंपूरच्या मॉलमध्ये ‘सुराऊ’ म्हणजे नमाजची खोली असणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. पुरुष-स्त्रियांची वेगळी व्यवस्था, वुजूची जागा, आणि बहिणींसाठी ‘तेलेकुंग’ हा नमाजचा पोशाखही बहुधा तिथेच टांगलेला असतो. मुलांना राइडवरून उतरवून असरला नेणे इतके सोपे असू शकते, याचे आम्हाला अप्रूप वाटले. जुमाच्या दिवशी दुपारचा वेळ मोकळा ठेवावा आणि पार्क दुसऱ्या दिवशी ठेवावा.

जेवणासाठी मॉलच्या बाहेर पडून एखादे ‘मामक’ हॉटेल गाठावे. भारतातून, विशेषतः तमिळनाडूतून गेलेल्या मुस्लिमांची ही परंपरा. रोती चनाई म्हणजे आपल्या पराठ्याची चुलत बहीण. सोबत पातळ डाळ किंवा सालन, आणि उंचावरून ओतून फेस आणलेला ‘तेह तारिक’ चहा. राइडच्या आधी मात्र पोटभर खाऊ नये, हे आम्ही मुलांना बजावून सांगितले होते आणि त्यांनी चक्क ऐकलेही.

मग जावे की नाही?

ज्यांच्याकडे साधारण पाच ते सोळा वर्षांची मुले आहेत, शहरात तीन दिवस तरी मुक्काम आहे आणि एखादी दुपार पावसात अडकण्याची शक्यता आहे, त्यांनी जरूर जावे. सुट्टीचा दिवस टाळून, पार्क उघडताच जावे आणि अर्धा दिवस द्यावा.

ज्यांच्याकडे दोनच दिवस आहेत, किंवा ज्यांच्या कार्यक्रमात सनवे लगून अथवा गेंटिंग आहे, त्यांनी हा खर्च वाचवावा. गेंटिंगला जाणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की तिथला पार्क आणि कॅसिनो एकाच डोंगरावर, एकाच संकुलात आहेत. कॅसिनोत मुस्लिमांना प्रवेश नाही. काही कुटुंबांना तेवढे पुरेसे वाटते, काहींना ते वातावरणच नको असते.

सोबत फक्त दोन-तीन वर्षांची मुले किंवा फक्त वडीलधारी माणसे असतील, तर इस्लामिक आर्ट्स म्युझियम आणि त्याच्या जवळची मस्जिद नेगारा पाहावी. मोठ्या मुलांना विज्ञानाची आवड असेल तर जुळ्या मनोऱ्यांखालचे ‘पेट्रोसायन्स’ उत्तम.

केवळ या पार्कासाठी कुणी मलेशियाला जाऊ नये. पण गेलाच असाल, तर जुना म्हणून टाळूही नये. २००३ साली दहा वर्षांचे असलेले तिथले मूल आज तिशी ओलांडलेला बाप आहे. सातव्या मजल्यावर छोट्या घोड्यांशेजारी मुलाला धरून उभे असलेले असे कितीतरी बाप आम्ही पाहिले. त्यांच्या रांगेत आमचाही बराच वेळ गेला, आणि आठ तिकिटांऐवजी सहा तिकिटांत निभावले. अल्लाह आपलाही सफर आसान करो.