बाकी किती?

'इन्कन गोल्ड' हा खेळ मी चौथीसाठी जुन्या लग्नपत्रिका कापून बनवला. रत्नांऐवजी चिंचोके. इंका लोकांच्या पडक्या मंदिरात शिरायचं, एकेक पान उलटायचं. खजिना निघाला की आत असलेल्यांत समान वाटायचा, बाकी उरेल ती तिथंच ठेवायची. साप, कोळी, ममी अशी ५ संकटं, प्रत्येकाची ३ पानं. तेच संकट दुसऱ्यांदा आलं की आतल्यांची त्या फेरीची कमाई गेली!

भागाकार म्हटलं की रडणारी एक मुलगी दरवेळी लवकर बाहेर पडायची. मला वाटलं, घाबरते. म्हटलं, "अगं, थांब की जरा!"

"बाई, एकटी परतले की वाटेतली सगळी बाकी माझीच ना? अकरा झालेत."

मी चिंचोके मोजले. अकराच होते.